आधी हवा, मग पुरावा: सीमाभागात घटनास्थळी जाणाऱ्यांचं सुरक्षा प्रशिक्षण

उद्यमबागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्री-कारखान्यांत सुरक्षिततेचं काम करून निवृत्त झालो. आता पोलीस कॉन्स्टेबल, रुग्णवाहिकेवरची मुलं आणि पंचायतीची माणसं यांना विषारी जागी कसं वावरायचं ते शिकवायला जातो. आपल्या भागात नेमके कुठले प्रसंग येतात ते तुम्हा सगळ्यांकडून कळावं म्हणून हा धागा काढतोय.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. कर्नाटकात ‘सोको’, म्हणजे सीन ऑफ क्राइम ऑफिसर, ही पदं तयार झाली आहेत. बेळगावात प्रादेशिक फॉरेन्सिक प्रयोगशाळा आहे. धारवाडला राष्ट्रीय फॉरेन्सिक विद्यापीठाच्या संकुलाची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. शिकलेली माणसं वाढणार, याचा आनंदच आहे. पण अथणीच्या टोकाच्या एखाद्या वस्तीवर सोकोचा माणूस पोहोचेपर्यंत त्या खोलीत कॉन्स्टेबल जाऊन आलेला असतो, दोन पंच आत उभे राहिलेले असतात आणि गावातला फोटोग्राफर वाकून फोटो काढून गेलेला असतो. मृतदेह ज्यांनी उचलला त्यांची तर नोंदही कुठे नसते. प्रशिक्षण या माणसांपासून सुरू व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग घ्या. बंद खोली, आत सेल्फॉस खाल्लेला माणूस. धान्यातल्या किडीसाठी आणि उंदरांसाठी वापरतात तीच ही गोळी. एक गोळी ३ ग्रॅमची, ओल लागली की त्यातून सुमारे १ ग्रॅम फॉस्फीन वायू सुटतो. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली धरा आणि हिशोब मांडा: एका गोळीचा सगळा वायू त्या खोलीत कोंडला तर प्रमाण २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आसपास जातं. आठ तासांच्या कामाची मान्य मर्यादा ०.३ पीपीएम आहे आणि ५० पीपीएमला जिवाला तात्काळ धोका मानतात. म्हणजे दोन गोळ्या पुरेत. उरलेल्या गोळ्या, उलटी, ओले कपडे यांतून वायू पुढेही सुटत राहतो. त्यावर उतारा नाही, आणि आपण तोंडाला बांधतो तो रुमाल किंवा एन-९५ वायू अडवत नाही. तो मास्क धुळीसाठी आहे. पहिलं वाक्य मी हेच शिकवतो. दुसरं: आधी खोली मोकळी हवेशीर करा, मग पुराव्याला हात लावा.

तुमच्याकडचे प्रसंग लिहा. चूक कोणाची हे नको, जागा कशी होती आणि काय करायला हवं होतं ते हवं.

डॉ_कृष्णाकाठ

चांगला धागा. मी कृष्णाकाठच्या एका रुग्णालयात अपघात विभागात आहे. वर लिहिलंय त्यात एक भर घालतो: वासावर विसंबू नका. शुद्ध फॉस्फीनला वास नसतो. बाजारातल्या गोळीला लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो तो त्यातल्या भेसळीचा. नाकाला जाणवेपर्यंत ०.३ ची मर्यादा ओलांडलेली असू शकते.

जठर धुताना आणि शवविच्छेदनात पोट उघडताना हा वायू बाहेर येतो. आमच्याकडे पंखा चालू, खिडक्या उघड्या आणि गरज नसलेली माणसं बाहेर, हा नियम आहे. नातेवाईक पोटलीत बांधून उलटी आणतात, ती टेबलावर उघडून बघायची नाही. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरायची आणि वर चिठ्ठी लावायची. सिल्व्हर नायट्रेटमध्ये भिजवलेला फिल्टर पेपर बरणीच्या तोंडाशी धरला की फॉस्फीननं काळा पडतो. पण हायड्रोजन सल्फाइडनंही तो काळा पडतो, म्हणून सोबत लेड ॲसिटेटचा पेपर लावतात. तो फक्त दुसऱ्यानं काळा पडतो. कॉन्स्टेबलनं ही चाचणी करावी असं मी म्हणत नाही, पण ती असते हे माहीत असलं की बरणीचं झाकण उगाच उघडलं जात नाही.

दुसरं, मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं कातडीतून अंगात जातात. २०१७ साली यवतमाळला फवारणी करणारे शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले, त्यांनी औषध प्यायलं नव्हतं. तेव्हा भिजलेला शर्ट हातात धरून पंचनामा लिहिणं धोक्याचं आहे, पोलीस आणि पंच दोघांनाही हातमोजे द्यायला हवेत. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तोंडाला लाळ सुटली, घाम फुटला, तर तो पोलीस आता साक्षीदार नाही, रुग्ण आहे. त्याला लगेच आणा.

टोकियोच्या भुयारी रेल्वेत २० मार्च १९९५ ला सरीन हे वायुरूपी विष सोडलं तेव्हा रुग्णांचे कपडे न उतरवता त्यांना आत घेतलं गेलं. एका मोठ्या रुग्णालयात नंतर पाहणी केली तर सुमारे २३ टक्के कर्मचाऱ्यांना त्रास झालेला निघाला. विष तिथं माणसांच्या कपड्यांवरून आत आलं.

चिकोडीचा_पंच

मी दोन-चारदा पंच म्हणून गेलोय, म्हणून सांगतो. आम्हाला बोलवत्यात, “या ओ, सही करा” म्हणत्यात, आणि खोलीच्या मधोमध उभं करत्यात. वास मारतोय म्हटलं तर “दोनच मिनिटं” म्हणत्यात. पंचाला हातमोजे द्यायचे असतात हे मला ह्या धाग्यावर कळालं. कापसाची बाटली (कापसावर मारायचं औषध असतंय ते) उचलून “ही बघा” म्हणून आमच्या हातात दिल्याली मी बघितल्याय. माझं एकच विचारणं आहे: पंच दारात उभा राहिला तर चालतंय का? का आत गेल्याशिवाय पंचनामा कच्चा पडतोय?

टिळकवाडी_वकील

@चिकोडीचा_पंच, अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. कायद्याला हवा असतो तो पंचानं स्वतः पाहिलेला प्रकार. त्यानं विष हुंगावं असं कुठल्याही कलमात नाही. त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं, वस्तूंची यादी करण्याचं आणि त्यावर साक्षीदारांच्या सह्या होण्याचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं आहे. मोबाइल चालतो. दारातून सगळं दिसत असेल, चित्रण सलग असेल आणि आतला अधिकारी प्रत्येक वस्तू उचलण्याआधी मोठ्यानं सांगत असेल, तर दारातल्या पंचाची साक्ष भक्कम राहते असं माझं मत आहे. पंचनाम्यात तसं लिहायचं मात्र हवं: पंच उंबरठ्याबाहेर उभे होते, कारण आत विषारी वायूची शक्यता होती.

उद्यमबागकरांना माझी शंका. खोली आधी मोकळी हवेशीर करा म्हणता. उलटतपासणीत मी पहिला प्रश्न हाच विचारेन की खिडकीची कडी आतून होती की बाहेरून, ती कोणी काढली, आणि ती काढायच्या आधीची नोंद कुठे आहे. आत्महत्या की खून हे कधी कधी त्या एका कडीवर ठरतं. जीव वाचवताना खटला घालवायचा का?

उद्यमबागकर (धागाकर्ता)

वकीलसाहेब, ही शंका प्रत्येक सत्रात येते आणि ती यायलाच हवी, म्हणून जरा सविस्तर.

दार उघडलं की उंबरठ्यावर थांबायचं. श्वास बाहेरच्या हवेत, तोंड वळवून. मोबाइल आत धरून चित्रण सुरू करायचं आणि बोलत जायचं: वेळ किती, दार कसं उघडलं, समोरची खिडकी बंद, कडी वर, पंखा बंद, जमिनीवर अमुक, खाटेवर तमुक. याला एक मिनिट लागतं. खिडकीला बाहेरून जाता येत असेल तर बाहेरूनही तेवढंच चित्रण. माणूस जिवंत असण्याची जराशी जरी शक्यता असेल तर ते मिनिटही थांबायचं नाही, पाठीवर हवेची टाकी असलेल्यानं आत जाऊन त्याला बाहेर ओढायचं. तो गेलेलाच आहे हे स्पष्ट असेल तर घाई कसलीच नाही. फॉस्फीन हवेपेक्षा जड आहे, म्हणून दार उघडल्या उघडल्या खाली बसून बघायला जायचं नाही. समोरासमोरची दारं-खिडक्या उघडायची आणि कोणी, किती वाजता, कुठल्या हातमोज्यानं उघडली ते लिहायचं. दिव्याचं आणि पंख्याचं बटण दाबायचं नाही, कारण फॉस्फीन पेटतो. गोळ्यांवर पाणीही ओतायचं नाही.

हवा जाऊ दिल्यानं पुरावा गेला असं होत नाही. विष पोटात आहे, बरणीत आहे, डबीत आहे. चित्रण केलेली कडीही कोर्टापुढे आहेच. श्वास घेऊन पडलेला कॉन्स्टेबल मात्र त्याच घटनास्थळावर दुसरा बळी होतो, आणि त्याला उचलायला धावलेल्यांच्या पायांखाली सगळे ठसे जातात. सुरक्षित काम आणि चांगला तपास यांत भांडण आहे असं मला कधीच वाटलं नाही.

मलप्रभा_खानापूर

आमच्याकडे विहिरी. एक उतरतो, पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. नंतर मृतदेह काढायला पोलीस गावातल्याच पट्टीच्या पोहणाऱ्याला बोलावतात. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत अजून चालते, तिच्यावर लिहा काका.

उद्यमबागकर (धागाकर्ता)

लिहितो. कंदील विझला तर ऑक्सिजन कमी आहे एवढंच कळतं. जळत राहिला तर हवा चांगली आहे असं मुळीच नाही. हायड्रोजन सल्फाइडच्या घातक प्रमाणातही कंदील निवांत जळतो, आणि मिथेन असेल तर स्फोट होतो. विहिरीत डिझेल इंजिन चालवलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, तोही कंदिलाला कळत नाही. सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण १०० पीपीएमच्या पुढे नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं की वास गेला.

म्हणून चार वायूंचा मीटर हवा: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड. दोरीला बांधून वर, मध्ये, तळाशी असा सोडायचा आणि प्रत्येक पातळीला थांबायचं. ऑक्सिजन चांगल्या हवेत २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की उतरणं बंद.

निपाणी_वेदगंगा

+१. साखर कारखान्यांच्या भागातलं म्हणून विचारतो. मळीच्या टाकीत किंवा डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या खड्ड्यात माणूस सापडला तर हाच मीटर पुरतो का?

उद्यमबागकर (धागाकर्ता)

नाही पुरत, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. मळी आंबली की कार्बन डायऑक्साइड सुटतो. समजा टाकीत तो ५ टक्के झाला. तेवढी हवा बाजूला सरली, म्हणजे ऑक्सिजन २०.९ वरून १९.८ च्या आसपास येतो. मीटरची घंटा १९.५ ला लावलेली, ती वाजणारच नाही. आणि ४ टक्के कार्बन डायऑक्साइडलाच जिवाला तात्काळ धोका मानतात. म्हणजे मीटर गप्प आणि माणूस आडवा. ऑक्सिजनचा आकडा एका टक्क्यानं जरी उतरला तरी विचारायचं: त्याची जागा कोणी घेतली? मळीच्या टाकीसाठी वेगळा सेन्सर लागतो. तो नसेल तर पाठीवर हवेची टाकी असलेला अग्निशमन दलाचा माणूसच उतरणार, बाकी कोणी नाही. गोबरगॅसच्या खड्ड्यालाही हाच नियम.

मीटर घेतला की काम झालं असंही नाही. निघण्याआधी तो चाचणीच्या वायूवर तपासून घ्यावा लागतो. कपाटात वर्षभर पडून सेन्सर मेलेला असतो, आणि मेलेला सेन्सर शून्यच दाखवतो.

मलप्रभा_खानापूर

धन्यवाद काका. जंगलाचंही नोंदवून ठेवते. सत्तरी आणि दोडामार्ग भागात २०१५-१६ मध्ये माकडताप (गोचिडीच्या चाव्यातून होतो तो) आला होता, आणि ते रान आमच्या खानापूरच्या रानाला लागूनच आहे. रानात मृतदेह सापडला की पथक पाचोळ्यात तासन्‌तास गुडघ्यावर बसतं. गोचीड चावतो ते तेव्हाच. पॅन्ट मोज्यात खोचायची, बाह्या लांब ठेवायच्या, परतल्यावर अंग तपासायचं आणि त्या परिसरात माकडं मेलेली दिसली का ते आधी गावकऱ्यांना विचारायचं. पूर ओसरल्यावर चिखलात काम असेल तर लेप्टोचंही (उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा ताप) बघा. पायाला जखम असलेल्यानं गमबूट घातल्याशिवाय उतरू नये.

शुश्रूषा_शहापूर

मी परिचारिकांना शिकवते. संसर्ग टाळायचं प्रशिक्षण आमच्याकडे जुनं आहे, त्यातलं एक इथं उपयोगी पडेल.

पोशाख चढवणं सगळ्यांना जमतं, घात होतो तो उतरवताना. हे भाषणानं कळत नाही, म्हणून मी हळद वापरते. तेलात कालवलेली हळद हातमोज्यांवर आणि पांढऱ्या पोशाखाच्या पुढच्या बाजूला फासायची, आणि मुलांना नेहमीसारखं काम करायला सांगायचं: बाटली उचला, पिशवीत भरा, चिठ्ठी लिहा, फोटो काढा. मग पोशाख उतरवा, हात धुवा. त्यानंतर खोली अंधारी करून नोटा तपासायचा निळा दिवा लावायचा. हळद त्या प्रकाशात हिरवट-पिवळी चमकते. एका हवालदारदादांच्या कानाच्या पाळीवर ठिपका, मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली रेघ, पेनाच्या टोपणावर बोटांचे ठसे, आणि मोबाइलच्या काचेवर तर अख्खा अंगठा. “ही हळद नसून औषध असतं तर?” असं मला विचारावंही लागलं नाही. त्यांनी तो फोन तसाच पिशवीत घातला आणि पुसायला काय वापरू म्हणून विचारलं.

म्हणून दोन हातमोजे एकावर एक. वरचा मळला की उलटा करून काढायचा, आतल्या स्वच्छ हातमोज्यानं लिहायचं. फोन आधीच पारदर्शक पिशवीत. आणि शक्यतो लिहिणारा वेगळा, हात लावणारा वेगळा.

रक्ताच्या जागेबद्दलही सांगते. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस टिकतो. वाळलेलं रक्त खरवडताना उडणाऱ्या धुळीसाठी मात्र एन-९५ उपयोगाचा आहे, सोबत चष्माही हवा. पथकातल्या प्रत्येकाला लशीचे तीन डोस, म्हणजे पहिला, महिन्यानं दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, मिळालेच पाहिजेत. सुई टोचली तर पिळत बसायचं नाही. साबण-पाण्यानं धुऊन थेट रुग्णालय गाठायचं. एचआयव्ही टाळायची औषधं पहिल्या काही तासांत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. खिशात हात घालून झडती घेण्याची सवय तर आजपासून सोडा. खिसा बाहेरून चाचपायचा, मग उलटा करायचा.

अथणी_जत_रोड

२०२४ मध्ये कुरकुंभ आणि कुपवाडला मेफेड्रोन या अमली पदार्थाचे साठे सापडले. कुपवाड आपल्यापासून किती लांब? उद्या तसला कारखाना शेतातल्या शेडमध्ये अथणी तालुक्यात सापडला तर कोण जाणार आत? आमच्या ठाण्यातली पोरं धाडसी आहेत, दार तोडून घुसतील.

डॉ_कृष्णाकाठ

त्याचीच भीती. अशा शेडमध्ये द्रावकांच्या वाफा, आम्लं, अर्धवट चाललेली अभिक्रिया असं काहीही असू शकतं. लेबलं खोटी असतात किंवा नसतातच. तिथं चालू यंत्र बंद करायचं नाही आणि बंद असलेलं चालू करायचं नाही. माणसं ताब्यात घ्या, बाहेर काढा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा आणि रसायनं हाताळणाऱ्या पथकाची वाट बघा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ आहे, रासायनिक आणि किरणोत्सारी प्रसंगांचं प्रशिक्षण त्या दलाला असतं. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात कैगा अणुवीज केंद्र आहे, तेव्हा किरणोत्सार हा शब्दही अभ्यासक्रमात असू द्या. दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० साली कोबाल्ट-६० भंगारातूनच आलं होतं.

पोशाख घातला की झालं असं वाटणाऱ्यांसाठी: इंग्लंडमध्ये सॉल्झबरीला मार्च २०१८ मध्ये विषबाधेचा तपास करायला गेलेला पोलीस अधिकारी सूट आणि हातमोजे घालूनच घरात शिरला होता. विष दाराच्या मुठीवर होतं. तो मरता मरता वाचला.

टिळकवाडी_वकील

सौंदत्ती तालुक्यात २०२५ साली सरकारी शाळेच्या पाण्याच्या टाकीत कीटकनाशक मिसळल्याचं प्रकरण आठवा. तिथं घटनास्थळ म्हणजे शाळा. मुलं, शिक्षक, पालक सगळे टाकीभोवती. अशा जागी पहिला पोहोचणारा कॉन्स्टेबल दोरी कुठे बांधतो यावर पुढचं सगळं ठरतं.

उद्यमबागकर (धागाकर्ता)

दोरीचं नेमकं सांगतो. दोन दोऱ्या लागतात. आतली दोरी म्हणजे विष असू शकतं ती जागा, तिथं फक्त पोशाखातली माणसं. आतली आणि बाहेरची यांच्या मधला पट्टा पोशाख उतरवायला, धुवायला आणि पुराव्याच्या पिशवीवर दुसरी पिशवी चढवायला. बाहेरच्या दोरीपलीकडे गाड्या, अधिकारी, पंच, पत्रकार. मधल्या पट्ट्यातून गेल्याशिवाय कोणीही, अगदी मोठे साहेबसुद्धा, बाहेर येणार नाहीत. दोरीपाशी एक माणूस वही घेऊन: कोण, किती वाजता आत, किती वाजता बाहेर. ती वही वकीलसाहेबांच्या उलटतपासणीतही उपयोगी पडते.

आत नेहमी दोघं, आणि तेवढ्याच तयारीत दोघं बाहेर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये अथणीकडे पारा चाळिशी गाठतो, त्या बंद पोशाखात माणूस वीस-पंचवीस मिनिटांत भिजून जातो. दंडावर चिकटपट्टी लावून आत जायची वेळ लिहायची आणि वेळ संपली की बाहेरचा हाक मारणार, आतल्यानं ठरवायचं नाही. दाढी असेल तर श्वासाचा मुखवटा बसत नाही, फट राहते. हे सांगताना कोणी रागावतो, पण आरसा आणि मुखवटा दिला की त्याचं त्यालाच दिसतं.

अमेरिकेत विषारी जागी नेहमी काम करणाऱ्याला ४० तासांचं प्रशिक्षण आणि वर तीन दिवस देखरेखीखाली प्रत्यक्ष काम सक्तीचं आहे. आपल्या कॉन्स्टेबलला एवढं आज मिळणार नाही हे मान्य. पण एक दिवस तरी पूर्ण मिळावा, तो सभागृहात न जाता खऱ्या विहिरीच्या काठी, खऱ्या शेडच्या दारात जावा, आणि कन्नड-मराठी दोन्हींत व्हावा. खानापूरच्या वस्तीवर पंचांना ओरडून “मागं सरा” सांगायचं ते त्यांना कळेल अशा भाषेत आलं पाहिजे.

चिकोडीचा_पंच

असा दिवस आमच्या गावात ठेवा की. माझ्या मळ्यात जुनी विहीर आहे, वापरात न्हाई, बाजूला औषधाची खोली आहे. पंचायतीत मी बोलतो. काय काय लागंल?

उद्यमबागकर (धागाकर्ता)

दादा, विहिरीत कोणी उतरणार नाही हे आधी गावात सांगून ठेवा, नाहीतर पोरं उत्साहात उतरतील. मीटर, दोरी, पोशाख मी आणतो. अग्निशमन केंद्राला पत्र पंचायतीकडून गेलं तर हवेच्या टाक्या घेऊन त्यांची दोन माणसं येतील, पत्रात तारीख रिकामी ठेवा, ती त्यांना सोयीची टाकू द्या. औषधाच्या खोलीतला खरा माल आदल्या दिवशी हलवून बाटल्यांत पाणी भरून ठेवा, डब्या जुन्या चालतील पण धुतलेल्या. ठाण्यातून निदान चार जण, आणि मृतदेह उचलायला ज्यांना नेहमी बोलावतात ती माणसं नक्की हवीत. त्यांचा त्या दिवसाचा रोजगार बुडेल, तो पंचायतीनं द्यावा, एवढं बोलून घ्या. शुश्रूषाताई, हळद आणि निळा दिवा तुमच्याकडे.

शुश्रूषा_शहापूर

येते. खोली अंधारी करायला जाड सतरंज्या किंवा ताडपत्री लागेल, आणि हात धुवायला वाहतं पाणी. बादलीतलं चालणार नाही.

चिकोडीचा_पंच

ताडपत्री हाय. नळ खोलीपासनं पन्नास फुटांवर हाय, पाइप लावून घेतो.